‘यावर काहीच संशोधन नाही’ असं म्हणण्याआधी



ग्रंथालयाच्या टेबलामागे बसणाऱ्या आम्हा लोकांना एक वाक्य वर्षभर ऐकू येतं : “माझ्या विषयावर काहीच संशोधन झालेलं नाही.” सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी काळजी असते, कधी आनंद. काळजी अशासाठी, की प्रबंधातल्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात आता लिहायचं काय? आणि आनंद अशासाठी, की म्हणजे या विषयात आपणच पहिले!

आम्ही दोघांनाही एकच प्रश्न विचारतो : शोधलं कुठे आणि कोणत्या शब्दांनी? बहुतेक वेळा उत्तर येतं, “नेटवर टाकून बघितलं.”

आज आपण बोलणार आहोत ते ग्रंथालयातल्या संशोधन डेटाबेसमधून अभ्यासपूर्ण लेख कसे शोधायचे यावर. बटणं कुठे आहेत हे काही दिवसांत कुणालाही समजतं, आणि ती दर दोन वर्षांनी बदलतातही. त्यामुळे बटणांवर आपण फार वेळ घालवणार नाही. मुख्य मुद्दा एवढाच आहे, की ‘सापडलं नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली तर काय होऊ शकतं, तिथूनच सुरुवात करू.

चार दशकांपूर्वीचे कागद

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. २००१ साली तिथे दम्यावर एक अभ्यास चालू होता. निरोगी माणसांच्या श्वासनलिका आकसण्यापासून स्वतःला कशा वाचवतात, हे त्यात पाहायचं होतं. त्यासाठी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे दिलं जात होतं. एलेन रोश ही २४ वर्षांची निरोगी तरुणी त्या स्वयंसेवकांपैकी एक होती. मे महिन्यात तिने ते औषध घेतलं, तिची फुप्फुसं निकामी होत गेली आणि २ जून २००१ रोजी तिचा मृत्यू झाला.

पुढे चौकशी झाली तेव्हा औषधाच्या धोक्यांविषयी आधी काय शोधलं गेलं होतं हा प्रश्न आला. काही पाठ्यपुस्तकं आणि पबमेड हा वैद्यकीय डेटाबेस पाहिला गेला होता. पण त्या वेळी पबमेडमधल्या नोंदी १९६६ पासून पुढच्या होत्या. हेक्झामेथोनियम रक्तदाबावरचं औषध म्हणून वापरलं जायचं ते १९५० च्या दशकात, आणि त्याचे फुप्फुसांवर होणारे दुष्परिणाम सांगणारे लेखही त्याच दशकातले. ते लेख छापलेले होते, मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटांत होते. जिथे शोध घेतला गेला त्या चौकटीत मात्र ते नव्हते.

या मृत्यूला एकटा अपुरा शोधच कारणीभूत होता असं आपण म्हणू नये. त्या प्रकरणात इतरही त्रुटी निघाल्या. आधीच्या एका स्वयंसेवकाला खोकला झाला होता आणि ते वेळेवर कळवलं गेलं नव्हतं. पण जगभरच्या ग्रंथपालांनी या घटनेतून एक धडा घेतला. डेटाबेस उघडला की पहिला प्रश्न ‘यात काय आहे’ हा, आणि दुसरा ‘यात काय नाही’ हा. दुसरा विचारायला आपण सहसा विसरतो.

डेटाबेस म्हणजे नक्की काय?

सातबारा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सातबारा म्हणजे जमीन नव्हे, ती जमिनीची नोंद. नाव, क्षेत्र, पीक, बोजा एवढं त्यावर असतं. डेटाबेसमध्येही मुळात लेखाची नोंद असते : शीर्षक, लेखक, नियतकालिक, वर्ष, गोषवारा आणि विषयशीर्षकं. बऱ्याच डेटाबेसमध्ये आपला शोध चालतो तो या नोंदीवर, पूर्ण लेखावर नाही. तुमचा शब्द लेखाच्या आठव्या पानावर असेल पण शीर्षकात आणि गोषवाऱ्यात नसेल, तर तो लेख समोर येणारच नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. ग्रंथालयाची तालिका, म्हणजे संगणकावरचा कॅटलॉग, पुस्तकं दाखवतो. एखादं नियतकालिक आपल्याकडे येतं की नाही हेही दाखवतो. पण त्या नियतकालिकाच्या अमुक अंकात कोणते लेख आहेत, हे त्यात सहसा नसतं. लेखांसाठी वेगळी सूची लागते. तिचंच आजचं रूप म्हणजे डेटाबेस.

प्रत्येक डेटाबेसचं स्वतःचं क्षेत्र ठरलेलं असतं. पबमेड अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा आहे. तो १९९७ पासून सर्वांना मोफत खुला आहे आणि त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. पण त्या वैद्यक आणि जीवशास्त्राच्या. जेस्टोर हे सामाजिक शास्त्रं, इतिहास, साहित्य अशा विषयांच्या नियतकालिकांचं भांडार आहे. तिथे जुने अंक भरपूर आहेत, मात्र बऱ्याच नियतकालिकांचे अगदी ताजे अंक नसतात. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स अनेक विषयांचे आहेत, पण त्यांना वर्गणी लागते आणि कोणती नियतकालिकं घ्यायची हे ते निवडून ठरवतात.

मग गूगल स्कॉलर? २००४ साली सुरू झालेली ही सोय मोफत आहे, तिचा पसारा मोठा आहे आणि ती लेखाच्या मजकुरातही शोधते. जरूर वापरा. पण त्यात नेमकी कोणती नियतकालिकं घेतली आहेत याची यादी जाहीर नाही, आणि एका शोधाला हजाराच्या पुढचे निकाल तो दाखवत नाही. वर दोन लाख निकाल लिहिलेले दिसले तरी बघायला मिळतात ते हजारच. म्हणून सुरुवातीला तो चांगला, पण शेवटचा शब्द त्याचा नव्हे.

एक प्रश्न घेऊन शोधू

नुसती तत्त्वं सांगून उपयोग नाही. आपण एक खरा प्रश्न घेऊ. समजा, समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीला असा विषय मिळाला आहे : ‘ग्रामीण भागात घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर बालमृत्यू कमी होतात का?’ महाराष्ट्रात हा प्रश्न म्हटला की गडचिरोली आठवतंच.

ती शोधाच्या चौकटीत इंग्रजीत अख्खं वाक्य टाकते. निकाल येतात, पण भलतेसलते. मग ती नुसतं ‘गडचिरोली’ टाकते आणि शोध फक्त शीर्षकापुरता ठेवते. काही लेख येतात. मात्र या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा लेख त्यांत नसतो. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो लेख डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविका घरोघरी गेल्या, तुलनेसाठी ४७ गावं होती, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. पण या लेखाच्या शीर्षकात गडचिरोली हा शब्दच नाही. तिथे ‘ग्रामीण भारत’ असं आहे.

म्हणून पहिली पायरी अशी : प्रश्नाचे तुकडे करा. आपल्या प्रश्नात तीन कल्पना आहेत. एक, नवजात बाळ. दोन, घरी किंवा गावात दिलेली सेवा. तीन, मृत्यू. कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येकाखाली त्याच अर्थाचे जमतील तेवढे इंग्रजी शब्द लिहा. ‘न्यूबॉर्न’, ‘निओनेट’, ‘निओनेटल’, ‘इन्फंट’ हे पहिल्यात. ‘होम’, ‘कम्युनिटी’, ‘व्हिलेज’ हे दुसऱ्यात. ‘मॉर्टॅलिटी’, ‘डेथ’, ‘सर्व्हायव्हल’ हे तिसऱ्यात. संगणकासमोर बसण्याआधीची ही पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची.

इतके शब्द कशाला, असं वाटेल. त्याचं कारण हे बघा. याच विषयावरचे दोन महत्त्वाचे अभ्यास २००८ साली लॅन्सेटमध्येच आले. एक बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यातला आणि एक उत्तर प्रदेशातल्या शिवगडचा. सिल्हेटमध्ये घरभेटींच्या गटात नवजात मृत्युदर ३४ टक्क्यांनी, तर शिवगडमध्ये ५४ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांत आहे. आता शीर्षकं पाहा. गडचिरोलीच्या लेखात ‘होम-बेस्ड’ आणि ‘निओनेटल’. सिल्हेटच्या लेखात ‘कम्युनिटी-बेस्ड’ आणि ‘न्यूबॉर्न’. शिवगडच्या लेखात ‘कम्युनिटी-बेस्ड’ आणि ‘बिहेवियर चेंज’, म्हणजे वागणुकीतला बदल. तिघांचा विषय एकच, शब्द तीन तऱ्हांचे. ‘होम-बेस्ड’ हा एकच शब्दप्रयोग धरून शीर्षकांत शोधणाऱ्याच्या हाती तिघांतला एकच लागेल, आणि तो छातीठोकपणे लिहील की या विषयावर एकच अभ्यास झाला आहे.

आणि, किंवा, नको

आता हे शब्द जोडायचे कसे? इंग्रजी ‘ॲण्ड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ हे तीन जोडशब्द बहुतेक सगळ्या डेटाबेसमध्ये चालतात. ते कॅपिटल अक्षरांत लिहावेत. यात नेहमी एक घोटाळा होतो. ‘आणि’ म्हटलं की आपल्याला वाटतं निकाल वाढतील. उलट ते कमी होतात.

एसटी स्टँडचं उदाहरण घ्या. ‘सकाळी सुटणारी आणि महाबळेश्वरला जाणारी गाडी’ म्हटलं की गाड्या कमी झाल्या, कारण दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. ‘वाईला किंवा पाचगणीला किंवा महाबळेश्वरला जाणारी’ म्हटलं की गाड्या वाढल्या, कुठलीही चालेल. शोधातही तसंच. एका रकान्यातले समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवायचे आणि ते कंस एकमेकांना ‘ॲण्ड’ने जोडायचे. आपल्या विद्यार्थिनीचा शोध असा दिसेल :

(न्यूबॉर्न ऑर निओनेट* ऑर इन्फंट) ॲण्ड (होम ऑर कम्युनिटी ऑर व्हिलेज) ॲण्ड (मॉर्टॅलिटी ऑर डेथ ऑर सर्व्हायव्हल)

इथे समजावं म्हणून देवनागरीत सांगतो आहोत, प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप करायचं. ‘निओनेट’नंतर जो तारा आहे, तो शब्दाचं शेपूट मोकळं सोडतो. ‘निओनेट’, ‘निओनेट्स’, ‘निओनेटल’ या सगळ्यांची इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली सहा अक्षरं एकच आहेत. ती सहा अक्षरं लिहून पुढे तारा दिला की सगळे शब्द एकदम येतात. दोन-तीन शब्द याच क्रमाने हवे असतील, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाकायचे.

‘नॉट’ मात्र जपून. आपल्याला रुग्णालयातले अभ्यास नकोत म्हणून ‘नॉट हॉस्पिटल’ टाकलं, तर घर आणि रुग्णालय यांची तुलना करणारा लेखही गेला. गेलेलं काय होतं ते आपल्याला दिसत नाही, हीच त्यातली अडचण.

डाव्या बाजूच्या चाळण्यांचंही तेच. ‘फक्त मागची पाच वर्षं’ यावर सवयीने टिचकी मारली जाते. आपल्या उदाहरणात तेवढ्याने १९९९ चा मूळ अभ्यास नाहीसा झाला. ‘फक्त मोफत पूर्ण लेख’ ही चाळणी लावली, की वर्गणीच्या नियतकालिकांतलं सगळं नाहीसं. चाळणी लावायला हरकत नाही, पण शेवटी लावा, आणि लावली आहे हे लक्षात ठेवा.

ग्रंथपालांचे शब्द आणि बदलती नावं

लेखक आपापले शब्द वापरतात, मग वाचकाने किती समानार्थी शब्द आठवायचे? यावरचा उपाय म्हणजे ठरावीक विषयशीर्षकं. वैद्यकात ‘मेश’ नावाची अशी यादी १९६० पासून आहे. लेखकाने ‘न्यूबॉर्न’ म्हणो की ‘निओनेट’, नोंदीला ‘इन्फंट, न्यूबॉर्न’ हेच शीर्षक लागतं. म्हणून एक सोपी युक्ती. आपल्याला हवा तसा एक चांगला लेख सापडला, की त्याच्या नोंदीत खाली जा आणि त्याला कोणती विषयशीर्षकं लावली आहेत ती पाहा. त्यातली दोन-तीन उचला आणि पुन्हा शोधा. एका लेखाने दहा लेखांचा रस्ता उघडतो.

नुकत्याच आलेल्या काही नोंदींना ही शीर्षकं अजून लागलेली नसतात. म्हणून विषयशीर्षकं आणि आपले साधे शब्द दोन्ही वापरायचे, एकाच्या भरवशावर राहायचं नाही.

आपल्याकडच्या विषयांत आणखी एक भानगड असते, ती गावांच्या नावांची. गडचिरोली जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी तो चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता, आणि चंद्रपूरचं जुनं इंग्रजी नाव ‘चांदा’. म्हणजे १९७० च्या दशकातल्या अभ्यासासाठी ‘गडचिरोली जिल्हा’ म्हणून कितीही शोधलं तरी हाती काय लागणार? मुंबईसाठी ‘बॉम्बे’, पुण्यासाठी ‘पूना’, ओडिशासाठी ‘ओरिसा’ हेही शब्द ‘ऑर’ लावून घ्यावेच लागतात. ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंगचा फरकही तसाच. ‘बिहेवियर’ हा शब्द दोन्हीकडे वेगळा लिहितात.

मागे जा, पुढे जा

शब्दांवर अवलंबून न राहता शोधायचाही एक मार्ग आहे. प्रत्येक लेखाच्या शेवटी संदर्भ असतात. ते वाचत गेलं की आपण काळात मागे जातो. हे पूर्वीपासून होतंच. पण या लेखाचा पुढे कुणी उल्लेख केला, हे कसं कळणार? युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला तो याच्यासाठी. आज डेटाबेसमध्ये लेखाच्या नोंदीशेजारी ‘सायटेड बाय’ असं दिसतं, ते याच कल्पनेचं फळ.

१९९९ च्या गडचिरोलीच्या लेखावरून आपण ‘सायटेड बाय’मधून पुढे गेलो, की त्याचा आधार घेणारे नंतरचे अभ्यास, आढावे, त्यावरच्या शंका, सगळं दिसू लागतं. कुणी कोणते शब्द वापरले याची फिकीर उरत नाही. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांसाठी घरभेटींचा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर त्याचं काय झालं हेही याच वाटेने शोधता येतं.

पुढे जाऊन पाहण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. लेख मागे घेतले जातात. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा लेख १९९८ मध्ये लॅन्सेटमध्येच आला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. पबमेडच्या नोंदीवर ‘रिट्रॅक्टेड’ असं ठळक लिहिलेलं आहे. पण कुणी तुम्हाला त्याची नुसती पीडीएफ पाठवली, तर ही गोष्ट कळेलच असं नाही. नोंद पाहायची सवय का हवी, ते यावरून ध्यानात यावं.

सापडलं, पण विश्वासाचं आहे का?

नियतकालिकाच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आणि ‘रिसर्च’ असलं म्हणजे ते अभ्यासपूर्ण झालं असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुन्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासली होती. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. ८८ टक्क्यांहून जास्त नियतकालिकं निकषांत बसली नाहीत. संपादकांची माहिती नाही, पत्ता खोटा, असले प्रकार होते. नंतर ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून निर्णय संस्थांवर सोपवला. म्हणजे पारख करण्याची जबाबदारी आता आणखी आपल्यावर आली.

साधे प्रश्न विचारायचे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का? लेखाचं तज्ज्ञांकडून परीक्षण होतं का, आणि त्याला किती दिवस लागतात? चार दिवसांत परीक्षण करून पैसे मागत असतील तर सावध. लेखात पद्धत स्पष्ट सांगितली आहे का? शंका असेल तर ग्रंथपालाला विचारा, त्यासाठीच आम्ही बसलेलो आहोत.

हल्ली आणखी एक प्रकार आमच्याकडे येतो. चॅटबॉटने दिलेली संदर्भांची यादी घेऊन विद्यार्थी येतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण त्या नावाचा लेखच नाही! २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असेच रचलेले खटले न्यायालयात सादर केले आणि त्यांना दंड झाला. म्हणून नियम सोपा ठेवा. नोंद स्वतः उघडून पाहिली नाही तो संदर्भ लिहायचा नाही. लेखाचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, टाकला की खरा लेख उघडतो.

पूर्ण लेख मिळवायचा कसा?

नोंद मिळाली, लेखावर टिचकी मारली, आणि समोर आलं : तीस-चाळीस डॉलर भरा. इथे पुष्कळजण थांबतात. थांबू नका, पैसेही भरू नका. आधी आपल्या ग्रंथालयाला विचारा. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं ६,३०० हून जास्त सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांना त्यातून मिळतात. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये त्यासाठी मंजूर आहेत. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. तालुक्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आता तेच नियतकालिक उघडता येतं, जे मोठ्या शहरातल्या संस्थेत उघडतं. ही लहान गोष्ट नाही. पण आपल्या महाविद्यालयाला ही सोय आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं.

खासगी संस्थेत असणाऱ्यांनी आणि कुठल्याच संस्थेत नसणाऱ्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठीही वाटा आहेत. पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख मोफत असतात. शोधगंगावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध खुले आहेत, आणि प्रबंधाच्या शेवटची संदर्भयादी म्हणजे कुणीतरी चार-पाच वर्षं खपून आपल्यासाठी केलेला शोधच. लेखकाने स्वतःची प्रत कुठे ठेवली आहे का ते गूगल स्कॉलरवर दिसतं. आणि लेखकाला दोन ओळींची नम्र ईमेल पाठवायला काहीच खर्च नाही. बरेच लेखक आनंदाने प्रत पाठवतात.

जे मराठीत आहे ते

शेवटचा मुद्दा, आणि आपल्यासाठी सगळ्यात जवळचा. परत गडचिरोलीकडे येऊ. त्याच कामाचे धागे तीन ठिकाणी आहेत. लॅन्सेटमधला लेख पबमेडमध्ये मिळतो. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा डॉ. बंग आणि सहकाऱ्यांचा २००२ चा लेख मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आहे. तो पबमेडमध्ये शोधून उपयोग नाही, त्यासाठी जेस्टोर उघडावं लागतं. आणि बालमृत्यूंची नोंदच कशी कमी होते हे मांडणारा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मराठीत आहे. तो शोधायला ग्रंथालयातच यावं लागतं.

मराठीतल्या संशोधनाचा मोठा भाग असाच कपाटांत आहे. तो नाही असं नाही, त्याच्या सूची वेगळ्या आहेत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढे १९५० पर्यंतची दुसरी केली. एका माणसाने केलेलं हे काम आजही पहिल्या आधारासारखं वापरलं जातं. नियतकालिकांच्या छापील सूची आहेत, जुन्या अंकांच्या वार्षिक अनुक्रमणिका आहेत. मराठी समाजाविषयी लिहिताना केवळ आंतरराष्ट्रीय डेटाबेस पाहून ‘पूर्वसंशोधन नाही’ असं लिहिणं म्हणजे दिवाणखाना पाहून घरात कुणी नाही म्हणण्यासारखं आहे. स्वयंपाकघरात, माजघरात डोकावायला हवं.

एक वही ठेवा

या सगळ्यातून एक सवय लागली तरी आजचा तास सार्थकी लागला असं आम्ही म्हणू. शोधाची वही ठेवा. तारीख, डेटाबेसचं नाव, त्यातल्या नोंदी कोणत्या वर्षापासूनच्या, वापरलेले शब्द जसेच्या तसे, लावलेल्या चाळण्या आणि आलेल्या निकालांची संख्या. प्रत्येक शोधाला एक ओळ. पद्धतशीर आढावा लिहिणाऱ्यांकडून हे सगळं लेखातच मागितलं जातं. एम.ए.च्या विद्यार्थ्यालाही ते जड नाही. दोन महिन्यांनी ‘हे मी कुठे पाहिलं होतं’ म्हणून डोकं धरायची वेळ येत नाही, आणि मार्गदर्शकांनी विचारलं तर वही पुढे करता येते.

मग एखाद्या दिवशी खरोखरच काही सापडणार नाही. तेव्हा ‘यावर संशोधन झालेलं नाही’ असं लिहू नका. असं लिहा : ‘अमुक तीन डेटाबेसमध्ये, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत आणि अमुक मराठी सूचींमध्ये शोध घेतला. त्यात या प्रश्नावरचा थेट अभ्यास आढळला नाही.’ वाक्य लांब झालं, पण खरं झालं. आणि पुढे येणाऱ्याला कळलं की कोणता कोपरा अजून बघायचा राहिला आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी आपापले विषय आणले आहेत, त्यांनी कागदावर तीन रकाने आखायला सुरुवात करावी. मागच्या टेबलावर चार संगणक चालू आहेत.